कारल्याच्या मांडवात पेरूचे सापळे

प्रश्न (दिंडोरी तालुका): द्राक्षबाग काढली, मांडव ठेवला आणि त्यावर कारले घेतले. पेरूच्या बागेतले फळमाशीचे सापळे आणून टांगले. पेरूत डबे भरायचे, इथे पंधरा दिवसांत चार माश्या. कारली मात्र वाकडी होऊन पिवळी पडतात. सापळे बोगस आहेत का?

उत्तर: दादा, सापळे बोगस नाहीत, आतली माशीला वासाने ओढणारी वडी (ल्यूर) कारल्याची नाही. पेरू-आंब्यावरच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतो. आपल्या तुळशीतही हाच घटक असतो. वेलवर्गीय पिकांवरची माशी निराळी. तिच्या नराला ‘क्यू ल्यूर’ नावाचा वेगळा वास लागतो. कारलीवरची एखादी माशी धरून बघा: रंग तांबूस, पाठीवर मधोमध पिवळी रेघ, पंखाच्या टोकाला काळपट डाग. दुकानात ‘फळमाशीचा ल्यूर’ एवढेच म्हणू नका, पिकाचे नाव सांगून मागा.

एकरी 8 ते 10 सापळे फुले लागतानाच मांडवाखाली, सावलीत, फळांच्या उंचीला बांधा. वडी दीड-दोन महिन्यांनी बदला. दोन्ही प्रकारच्या वड्या एकाच हाताने, एकाच पिशवीतून हाताळू नका. वास मिसळला की काम बिघडते. पेरूचे जुने डबेही इथे वापरू नका.

आता खरी कळकळीची गोष्ट. सापळ्यात फक्त नर पडतात. मादी बाहेरच असते, कोवळ्या कारल्यात डंख करून अंडी घालते. डंखाच्या जागी चिकाचा थेंब दिसतो, तिथून फळ वाकते. आतल्या अळ्या मोठ्या झाल्या की बाहेर पडून मातीत कोष करतात. म्हणून किडकी कारली बांधावर फेकली की पुढची पिढी आपणच पेरतो. शेजाऱ्याच्या मांडवातही तीच जाते. डंख लागलेले फळ रोज वेचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा. मजूर कमी असतील तर एक वेळ फवारणी राहू द्या, पण वेचणी चुकवू नका.

मांडवाच्या कडेने मक्याच्या दोन ओळी लावा. या माश्या मक्यावर विसाव्याला बसतात. गूळ आणि शिफारशीतले कीटकनाशक मिसळून केलेले आमिष त्या मक्यावरच फवारा, तोडणीच्या कारल्यावर नको.