मिठाच्या कणकेतला ठसा फुगतो आणि तडकतो तेव्हा

बाळाच्या पहिल्या दिवाळीची आठवण म्हणून केलेला हाताचा ठसा ओव्हनमध्ये फुगला आणि कडेने तडकला, असं तुम्ही लिहिलंय. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, साधारण पाऊण वाटी पाणी हे तुमचं प्रमाण बरोबर आहे. बिघडलं ते भाजण्यात. 180 अंशांवर वरचा थर आधी टणक होतो, आतली वाफ कोंडते आणि फुगवटा येतो. ओव्हन 100 अंशांवरच ठेवा, 3 तास, अधूनमधून उलटत. ओव्हन नसेल तर पंख्याखाली 3-4 दिवस. कडक उन्हात नको, एकच बाजू भराभर वाळून तडे जातात. पाठीमागे मधोमध नख रुततंय तोवर आत ओल आहे.

मीठ मिक्सरमधून काढा, नाहीतर तळहाताच्या रेषांत खडे दिसतात. कणीक पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी. सैल असली की हात उचलताना बोटांच्या कडा ओढल्या जातात. बटर पेपरवरच लाटा, 8-10 मिमी जाड, आणि कागदासकट ट्रेमध्ये सरकवा.

ठसा बाळ गाढ झोपेत असताना घेतलेला सगळ्यात चांगला. मूठ आवळलेली असेल तर करंगळीच्या बाजूने हाताच्या पाठीवर हळूच बोट फिरवा, सैल होते. आधी तळहात टेकवा, मग एकेक बोट वरून दाबा आणि हात सरळ वर उचला. फसला तर पुन्हा लाटा, कणीक कुठे जात नाही. हातावर ओरखडा असेल तर त्या दिवशी राहू द्या, मीठ झोंबतं. आणि ही कणीक बाळाच्या तोंडात अजिबात जाता कामा नये, एवढं मीठ खरंच धोक्याचं आहे. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

नाव, साल टूथपिकने आणि दोऱ्याचं भोक स्ट्रॉने, ओलं असतानाच.

मुंबई-कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. मीठ हवेतली ओल ओढतं आणि ठसा मऊ पडतो. म्हणून अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर वॉर्निशचे 2-3 हात द्या. पाठ, कडा आणि भोकाची आतली बाजूसुद्धा. बहुतेक जण पाठ विसरतात आणि ओल तिथूनच शिरते.

तडकलेला ठसा टाकू नका. त्याच कणकेची पातळ पेस्ट तड्यांत भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून रंगवा. फुगलेला भाग मात्र परत बसत नाही, तिथे नवा ठसाच घ्यावा लागेल.