सासूबाईंच्या मापाची चटणी

"मला पूर्वी स्वयंपाकाची फार आवड होती, आता गॅससमोर उभे राहायचे म्हटले तरी नकोसे होते, माझे काही बिघडले आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या स्त्रिया इतक्या वेळा विचारतात की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. विचारणाऱ्या बहुतेकजणी नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या असतात, आणि ही तक्रार सांगताना त्यांचा आवाज काही गुन्हा कबूल करावा तसा खाली येतो. कोल्हापुरात हे ओझे जरा अधिकच जाणवते. येथे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून घराची पारख होते, आणि उन्हाळ्यात केलेली कांदा-लसणाची चटणी पुढे वर्षभर आमटी, उसळ, रस्सा अशा सगळ्यांत पडत असल्यामुळे, ती साधली नाही तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

वेळेचा आणि श्रमाचा प्रश्न खरा आहे, म्हणून तो आधी मांडते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय घरकामात मुळात हात घालणारे पुरुष चारांत जेमतेम एक होते. अशा स्थितीत दमून आलेल्या बाईला "स्वयंपाकात आनंद शोधा" असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. माझ्याकडे पहिले बोलणे होते ते कामाच्या वाटणीचेच. मात्र वाटणी झाल्यावर, पोळ्यांना मावशी लावल्यावर, निवडलेली भाजी घरपोच येऊ लागल्यावरही पुष्कळ जणींची गोडी परतत नाही, आणि तेव्हा कारण ओट्यापासून दूर कुठेतरी शोधावे लागते.

सुनंदाताई अशांपैकी एक. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.) माहेर गडहिंग्लजकडचे, सासर कोल्हापुरातले, नोकरी एका पतसंस्थेत. घरात यजमान, दोन मुले आणि रक्तदाबाचा त्रास असलेले सासरे.

"मॅडम, पोळ्यांना बाई आहे, मिक्सर आहे, मुलगी ताटं घेते. सासूबाईंना ह्यातलं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तरी संध्याकाळचे सहा वाजले की पोटात गोळा येतोय बघा."

"कशाची भीती वाटते?"

"भीती अशी नाही. आज आणि काय ऐकायला मिळतंय, एवढंच."

ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी वरवर किरकोळ होत्या. मुलगा पहिल्या घासाला "तिखट आहे" म्हणून ताट सरकवायचा, मुलगी "परत तेच?" म्हणायची, सासरे काही न बोलता भात दह्याशी कालवायचे. यजमान एरवी शांत असत, पण महिन्यातून एखाद्या वेळी रस्सा ओरपून झाल्यावर म्हणत, "आईची चव नाही आली." सासूबाईंना जाऊन दोन वर्षे उलटली होती. त्यांच्या वहीत चटणीचे माप तोळ्याच्या हिशेबात लिहिलेले होते, आणि सुनंदाताई दर उन्हाळ्यात ती वही समोर ठेवून तसूभरही इकडेतिकडे न होऊ देता मसाला डंकावरून कांडून आणत होत्या.

मी विचारले, "आमटी उतरवण्याआधी तुम्ही चाखून बघता का?"

"नाही. मापानंच घालते सगळं."

"मग चांगली झाली, हे तुम्हाला कधी कळतं?"

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडाकडं बघितलं की."

मला हवे ते मला येथेच सापडले. ज्या विचारधारेवर माझे काम उभे आहे ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडली, आणि महाराष्ट्रात ती चांगलीच रुजली आहे. घडलेला प्रसंग माणसाला जेवढे खचवतो त्याहून अधिक त्या प्रसंगाचा मनाने लावलेला अर्थ खचवतो, हा तिचा गाभा. सुनंदाताईंच्या घरी रोज दोन वेळा परीक्षा होत होती. प्रश्नपत्रिका सासूबाईंची, परीक्षक घरातले चौघे, आणि स्वतःच्या जिभेला त्या परीक्षेत जागाच नव्हती. जे काम करताना चांगल्या-वाईटाचा निवाडा पूर्णपणे दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर सोपवलेला असतो, ते काम दहा मिनिटांचे असले तरी थकवते. रात्री दोन तास रांगोळी काढून ताजेतवाने वाटणाऱ्या याच स्त्रिया असतात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

मुलाच्या "तिखट आहे" पासून सुरुवात केली, कारण ते सर्वांत सोपे होते. तिखट ही मुळात जिभेची चव नसून उष्णतेची आणि वेदनेची संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसीन हा घटक मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला (रिसेप्टर) चिकटून ती जागवतो तो शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला, आणि त्यासह पुढील संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. सतत तिखट खाणाऱ्याची ही संवेदना बोथट होत जाते, म्हणून एकाच वाटीतला रस्सा बापाला मवाळ आणि दहा वर्षांच्या पोराला जाळणारा लागतो. "तो तुमच्या हाताला गुण देत नाही, स्वतःच्या जिभेची हालत सांगतोय," असे मी म्हणाले, तेव्हा त्या हसल्या. उपायही कोल्हापुराकडेच तयार होता. मिसळीचा कट जसा वेगळा ठेवतात तसा घरच्या उसळीचाही ठेवायचा: उसळ सौम्य करायची, सासऱ्यांची वाटी मीठ घालण्याआधी बाजूला काढायची, आणि चटणी तेलात परतून केलेला कट ज्याने त्याने आपापल्या हिमतीने वाढून घ्यायचा. कॅप्सेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे तिखटपणाचा मोठा वाटा कटातच राहतो, आणि तोंड भाजल्यावर पाण्यापेक्षा दूध-दह्याचा उपयोग होतो तोही यामुळेच.

यजमानांचे वाक्य मात्र असे सुटण्यासारखे नव्हते. पुढच्या भेटीला मी दोघांनाही बोलावले आणि घरात असेल नसेल तेवढी चटणी थोडी थोडी डबीत घालून आणायला सांगितले. सुनंदाताईंनी तीन डब्या आणल्या. एकीत यंदाची, सासूबाईंच्या मापाची चटणी. दुसरीत माहेरहून वहिनीने दिलेली. तिसरीत सासूबाईंनी शेवटच्या उन्हाळ्यात स्वतः केलेल्या चटणीचा बरणीच्या तळाशी उरलेला भाग, जो यजमानांनी कुणाला वापरू दिला नव्हता आणि टाकूही दिला नव्हता.

माहेरची डबी उघडून मी ती सुनंदाताईंच्या हातात दिली आणि डोळे मिटून वास घ्यायला सांगितले. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. वासाची वाट मात्र त्याला वळसा घालून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच प्रश्नांनी जे उघडत नाही ते पुष्कळदा वासाने उघडते. एरवी तुटक बोलणाऱ्या सुनंदाताई बोलू लागल्या. "संकेश्वरी मिरची जास्त आहे, ब्याडगी रंगापुरती. तीळ आमच्याकडं असेच चांगले भाजतात. धणे मात्र वहिनीनं घाईत भाजलेत, कच्चट वास येतोय. दगडफूल कमी, ते बरंय, जास्त झालं की कडवटपणा येतो." कांदा किती तांबूस तळायचा, खोबरे कोणत्या रंगावर उतरवायचे, लसूण कधी कुटायचा, हे त्या सांगत राहिल्या. अशा वेळी मध्ये न बोलण्याची शिस्त मी अनेक वर्षांच्या कामातून कमावली आहे, आणि ती त्या दिवशी कामी आली. यजमान बायकोकडे बघत होते. तिला एवढे कळते हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि खरे तर तिलाही त्याचा विसर पडला होता.

मग मी तिसरी डबी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती नाकाशी धरली, चिमूटभर चटणी बोटांत चोळून पुन्हा वास घेतला, आणि म्हणाले, "हिला आता वासच नाही."

मसाल्याचा वास हवेत उडून जाणाऱ्या तेलांचा असतो, दळलेल्या मसाल्यातून ती लवकर निघून जातात, आणि मिरचीचा लालपणाही उजेडाने व हवेने विटतो. चटणी करड्या-तपकिरी रंगाची झाली होती. ज्या चवीशी दोन वर्षे तुलना चालली होती ती त्या बरणीतसुद्धा उरलेली नव्हती.

"आई गेल्यापासून मी प्रत्येक जेवणात तीच चव हुडकतोय," ते म्हणाले. "मी हिला नावं ठेवत नव्हतो. मला आईची आठवण यायची, तेवढंच तोंडातनं निघायचं."

सुनंदाताई म्हणाल्या, "मग तसं सांगायचं होतं की हो. मला वाटायचं, मी नापास."

एका घरात एकच वाक्य दोन अर्थांनी नांदत होते. बोलणाऱ्यासाठी ते दुःख होते, ऐकणारीसाठी तो शेरा होता. आणि दोघेही आपापल्या अर्थाशी इतके एकनिष्ठ की दुसरा अर्थ असू शकतो हे कुणाच्या मनात आले नाही. समुपदेशकाला असे क्षण वारंवार लाभत नाहीत, आणि ते लाभावेत म्हणून डब्यांसारखी साधी वस्तू खोलीत आणायचे जे मला सुचले, त्याचे समाधान मला आजही वाटते. आईविषयीचे बोलणे पुढे यजमानांशी स्वतंत्रपणे झाले. त्यांना आईबद्दल कुणापाशी रडायलाच मिळाले नव्हते.

हाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांना यातून काय घेता येईल? पहिली गोष्ट, गॅसवरचा पदार्थ उतरवण्याआधी चमचाभर तळहातावर घेऊन चाखा आणि "मला कसा लागला" याचे उत्तर मनात द्या, घरातल्यांचे मत कानावर पडण्याआधी. हे फार छोटे वाटते, परंतु निवाड्याचा पहिला हक्क आपल्याकडे परत घेण्याची सुरुवात येथूनच होते. ज्यांच्या घरी नैवेद्याआधी चाखत नाहीत त्यांनी सणावारी ते पाळावे. रोजच्या आमटीला ती अडचण नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे संपूर्णपणे स्वतःच्या मापाचा एखादा मसाला, मग तो वाटीभर का असेना. वर्षाची चटणी सगळ्या घराची असते, तिच्यात प्रयोग करण्याची धास्ती वाटणे साहजिक आहे. म्हणून पाव किलो मिरचीचाच घाट घाला. धणे, तीळ, खोबरे वेगवेगळे भाजा, कारण प्रत्येकाला भाजायला लागणारा वेळ निराळा असतो, आणि भाजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वास कधी बदलतो याकडे लक्ष द्या. अख्खे मसाले वास टिकवून धरतात, त्यामुळे थोडे थोडे करून ताजे कुटण्यात चवही आहे आणि मनाला विसावाही आहे. मन हजर राहण्याचा सराव म्हणून लोक डोळे मिटून बसतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी धणे भाजायला सांगते.

तिसरी गोष्ट घरातल्यांसाठी आहे. "आज काय करायचं?" हा निर्णय रोज एकाच माणसाने घेणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते कुणाच्या हिशेबात येत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस ते काम दुसऱ्याने घ्यावे, आणि घ्यावे म्हणजे पूर्ण घ्यावे: ठरवणे, सामान आणणे, करणे, ओटा पुसणे. आणि जेवताना आईची, आजीची, गावाकडची आठवण आली, तर ती आठवण म्हणूनच सांगावी. "आई रविवारी पाट्यावर वाटण वाटायची, त्याची आठवण झाली" हे वाक्य ऐकून कोणतीही बाई दुखावली जाणार नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. स्वयंपाकाबरोबर इतर सगळ्याच गोष्टींतली गोडी गेली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर मसाल्यांचे प्रयोग करत बसू नये; मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.

सुनंदाताईंना रोजचा डबा करण्यात आजही काही विशेष वाटत नाही, आणि वाटावे असा माझा आग्रहही नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घरची चटणी नव्या मापाने केली: सासूबाईंच्या वहीतला खडा मसाला तसाच ठेवला, मिरची आणि तीळ माहेरच्या हिशेबाने घातले, आणि देठ काढायला सगळ्यांना बसवले. रविवारचे मटण त्या स्वतःच्या हौसेने करतात. सोमवारचा स्वयंपाक यजमानांकडे आहे. त्यांना पिठलं-भात तेवढा येतो, आणि घर तो जेवते.