कालव्यातल्या जुन्या बोटींची निगा शिकायला निघालेल्या तरुण सहकाऱ्यास

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या कालव्यांच्या संग्रहालयात लाकडी बोटींच्या जतनाचे काम शिकायला तू निघणार, हे वाचून फार आनंद झाला. तिथल्या धक्क्याला बांधलेल्या काही बोटींची अवस्था पाहून तुला वाईट वाटेल आणि रागही येईल. तो कोणावर काढायचा हे ठरवण्यापूर्वी त्या बोटी तिथवर कशा आल्या, ते जाणून घे.

१९४८ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाच लॉरी आणि रेल्वेपुढे मालवाहू बोटींचा धंदा खालावला होता, आणि १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठल्यावर तो जवळजवळ संपला. नको झालेल्या कित्येक लाकडी बोटी लंडनलगतच्या हेअरफील्डजवळच्या तळ्यांत बुडवून टाकल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्यांपैकी पुष्कळशा स्वयंसेवकांनी धडपड करून वाचवल्या. १९७६ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या एल्समिअर पोर्टच्या जुन्या बंदरात बोटींचे संग्रहालय सुरू झाले तेही अशाच माणसांमुळे. बोट आज घेतली नाही तर उद्या तिचे सरपण होईल, अशा घाईत त्यांनी त्या जमवल्या आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. मात्र पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा पैसा बोटीबरोबर आला नाही. चालती बोट ठरावीक काळाने गोदीत चढे, तिचे सांधे पुन्हा भरले जात, डांबर लागे, कुजकी फळी बदलली जाई. संग्रहालयात आल्यावर ही निगा थांबली आणि बोटीने मात्र पूर्वीपेक्षा जास्त जगावे अशी अपेक्षा धरली गेली. माझ्या मते दुर्लक्षाचे मूळ इथे आहे.

आता लाकडाविषयी. नॅरोबोट, म्हणजे तिथल्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली बोट, साधारण ७० फूट लांब आणि ७ फूट रुंद असते. जुन्या लाकडी बोटीच्या बाजू बहुधा ओकच्या आणि तळ एल्म या झाडाच्या लाकडाचा असे. सतत पाण्याखाली राहिलेले एल्म फार काळ टिकते, पण तेच आलटूनपालटून ओले-कोरडे होत राहिले की लवकर कुजते, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून कालव्याच्या पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, धास्ती वरून पडणाऱ्या पावसाची बाळग. केबिनच्या छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी आतल्या कोपऱ्यात साचते, आणि लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजण्याची वाट मोकळी होते. उतार देऊन बांधलेली, खालून वारा खेळेल अशी ताडपत्री आणि आतले पाणी उपसणारा, रोज तपासलेला पंप यांनी जितक्या बोटी वाचतात, तितक्या मोठ्या देणग्यांनी वाचत नाहीत.

बोट पाण्याबाहेर काढण्याची घाईही करू नकोस. वाळताना फळ्या आकसतात, सांधे उघडतात. आणि जिला पाण्याने सबंध लांबीभर तोलून धरले होते, ती चार ठोकळ्यांवर ठेवली की वाकते. आधाराची आणि छपराची तयारी पूर्ण झाल्याखेरीज तिला हलवू नये.

दुरुस्ती किती करायची, यावर तिथे तुला मतभेद ऐकू येतील. १९०९ मध्ये बांधलेल्या ‘प्रेसिडेंट’ बोटीचे वाफेचे इंजिन १९२५ मध्ये काढून टाकले होते. जीर्णोद्धारात तिला पुन्हा वाफेवर आणले गेले आणि आज ती डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमची चालती बोट आहे. उलट नावाडी जो स्किनर यांची, खेचराने ओढली जाणारी ‘फ्रेंडशिप’ एल्समिअर पोर्टला छपराखाली ठेवलेली आहे. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. चालत्या बोटीमुळे ते काम कसे चाले हे कळते, आणि न छेडलेल्या बोटीत ते करणाऱ्यांच्या हाताच्या खुणा उरतात. सुमारे दहा फुटांच्या केबिनमध्ये अख्खे कुटुंब राहत असे. तिथल्या गुलाबांच्या आणि गड-किल्ल्यांच्या पारंपरिक चित्रांखाली आधीच्या रंगाचे थर असतात, ते खरवडून नव्याने रंगवणे म्हणजे पुरावाच पुसणे होय.

नवी फळी घालावीच लागली तर तिच्या आतल्या बाजूला ती बसवल्याचे वर्ष कोरून ठेव. एल्मच्या लांब फळ्या मिळणे आता अवघड आहे, कारण १९७० च्या दशकात पसरलेल्या रोगाने ब्रिटनमधली कोट्यवधी एल्मची झाडे मारली. पर्यायी लाकूड वापरलेस तर तेही स्पष्ट नोंदव.

काही बोटी वाचणार नाहीत, आणि हे वेळेवर, लेखी सांगण्याचे धैर्य तुझ्यात असले पाहिजे. अशी बोट धक्क्याला कुजत ठेवण्यापेक्षा तिचे मोजमाप, रेखाटने आणि छायाचित्रे घेऊन, खिळे व सांध्यांचे नमुने राखून ती पद्धतशीर उलगडणे अधिक आदराचे आहे. नोंदीविना मोडलेली बोट मात्र दुसऱ्यांदा गमावल्यासारखी होते.

पहिल्या महिन्यात हत्यार हाती घेऊ नकोस. एकच बोट निवडून तिचा आराखडा काढ, ओलाव्याचे आकडे आणि मऊ झालेल्या जागा त्यावर मांड आणि मला पाठव. कोणती फळी ठेवायची याचा विचार त्यानंतर करू.

कळावे.