कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरच्या घरी बदलावा का?

प्रश्न : माझ्याकडे २०१८ची बीएस-४ पेट्रोल कार आहे. महिनाभरापासून इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असून स्कॅनरवर पी ०४२० हा कोड येतो, आणि कन्नडच्या घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला आहे. नवा महाग पडेल, त्यापेक्षा तो काढून साधा पाइप जोडून घ्या. ट्रॅक्टर आणि मोटारपंपाची दुरुस्ती मी स्वतः करतो. मग हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : काम करता येण्यासारखे आहे की नाही, हे आपल्या गाडीत कन्व्हर्टर कुठे बसवला आहे यावर ठरेल, पण त्याआधी तो खरोखरच गेला आहे का, आणि गेला असल्यास कशामुळे, याचा उलगडा व्हायला हवा. कन्व्हर्टर आपण होऊन सहसा बिघडत नाही, इंजिनातला दुसराच कुठला तरी दोष त्याला बिघडवतो, आणि तो दोष तसाच ठेवून नवा भाग बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरची थेट तपासणी करून येत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरचे वाचन सतत वरखाली होत असते. मागच्याचे, कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर, बरेचसे स्थिर राहते, आणि तेही पुढच्यासारखेच हलू लागले की गाडीचा संगणक कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा निष्कर्ष काढतो. सायलेन्सरच्या जोडावर गळती असली किंवा मागचा सेन्सरच बिघडला असला, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून सकाळी थंड इंजिन चालू करून जोडांपाशी फटफट आवाज येतो का, काळी काजळी दिसते का, ते आधी पाहावे.

आपल्या पत्रातली ओढ कमी झाल्याची तक्रार मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. नुसती क्षमता घटल्याने घाटात फरक जाणवत नाही; तो जाणवतो आतली चिनी मातीची जाळी वितळून किंवा तुटून धुराची वाट अडल्यावर. इंजिन मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्या उष्णतेने जाळी वितळते. इंजिन ऑइल जळत असेल तर त्याची राख जाळीवर बसते. तेव्हा स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, ऑइलची आणि कूलंटची पातळी हे सारे कन्व्हर्टरला हात लावण्यापूर्वी तपासून घ्यावे. गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा. आत खडखड वाजले तर जाळी तुटलेली आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांशी) एकसंध असून थेट इंजिनाला चिकटलेला असतो. आपल्या गाडीत तशी रचना असेल तर हे काम घरी करू नये, कारण गंजलेला स्टड (आटे पाडलेली खुंटी) हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, तुटला तर प्रकरण हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. तो वेल्डिंगने जोडलेला असेल तरीही गॅरेजच बरे. गाडीच्या तळाशी दोन्ही बाजूंनी बोल्टने कसलेला असेल, तर मात्र पान्याची सवय असलेल्या माणसाला, मदतीला दुसरे कोणी असताना, तो बदलता येतो.

गाडी सिमेंटच्या सपाट जागेवरच उचलावी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो. चाकांना दगड लावून, गाडी दोन भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चालत्या गाडीत कन्व्हर्टरचे तापमान कित्येकशे अंश सेल्सियस असते, त्यामुळे गाडी रात्रभर उभी ठेवून काम सकाळी करावे, आणि गंज सोडवणारे तेल बोल्टांवर आदल्या संध्याकाळीच मारून ठेवावे. बॅटरीची ऋण वायर सोडवून मग सेन्सरचा प्लग काढावा. सेन्सरसाठी खाच असलेली, बहुधा २२ मिमीची, गोटी (सॉकेट पाना) लागते. सेन्सरच्या टोकाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. नवा कन्व्हर्टर बसवताना त्यावरचा बाण धुराच्या दिशेने ठेवावा, गॅस्केट आणि नट नवेच वापरावेत, आणि सगळे बोल्ट आधी हाताने लावून, पाइप रबरी हँगरवर नीट टांगल्यानंतरच कसावेत. शेवटी इंजिन चालू करून गळती पाहावी आणि कोड पुसावा. भाग बीएस-४ मानकाचा, आपल्याच इंजिनासाठीचा घ्यावा. फार स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पेटण्याची शक्यता असते.

साध्या पाइपाचा सल्ला मानू नये. मागच्या सेन्सरला प्रक्रिया न झालेला धूर लागत राहिल्याने दिवा विझणार नाहीच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)नुसार प्रदूषणाचे मानक मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : कन्व्हर्टर बदलून घेतल्यावर जुना भाग गॅरेजमध्येच ठेवून घेतला. भंगारात त्याला काही किंमत असते का?
— एक वाचिका, शहादा

उत्तर : असते. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर दिलेला असतो, आणि जाळी वितळलेली असली तरी हे धातू त्यातून परत मिळवता येतात. म्हणून जुना भाग मागून घ्यावा किंवा बिलातून त्याची किंमत वळती करून मागावी. आणि हे बोलणे काम सुरू होण्यापूर्वीच करावे. घरी आणल्यास मात्र तो फोडू नये. आतली भुकटी आणि तंतू श्वासावाटे जाणे चांगले नाही. दोन्ही तोंडांना कापड बांधूनच ठेवावा.