जुनं फंक्शन चुकतंय, तरी त्याला हात लावू नका

प्रश्न : सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी पगारपत्रकं करतो. डझन आणि दर दिला की मजुरी काढणारं 'मजुरी' हे फंक्शन एक्सेलच्या मॅक्रोत लिहून अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडायची जादा फाइल) म्हणून चार संगणकांवर घातलंय. 25 डझनांचे 18.50 दराने 462.50 होतात, फंक्शन 462 देतं. 27 डझनांचे 499.50 मात्र बरोबर 500 होतात. फंक्शन दुरुस्त केलं तर जुनी पत्रकं बदलतील का?

उत्तर : बदलतील, आणि तीही एकदम नाही, हा खरा धोका. मॅक्रो बदलला म्हणून एक्सेल लगेच सगळं नव्याने मोजत नाही. ज्या ओळीत कुणी डझन किंवा दर बदलेल, तेवढीच ओळ नवा आकडा दाखवेल. मग कुणी कंट्रोल-ऑल्ट-एफ9 दाबलं की वाटून झालेल्या पगाराची बेरीजच हलते.

चूक कुठे आहे ते आधी बघा. मॅक्रोतलं राउंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं. म्हणून 462.50 चे 462, पण 499.50 चे 500. शीटमधलं राउंड अर्ध्याला नेहमी पुढे नेतं. नव्या फंक्शनात वर्कशीटफंक्शनचं राउंड, म्हणजे मॅक्रोतून बोलावलेलं शीटचंच राउंड, वापरा. बरेच जण अर्धा मिळवून इंट (खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन) लावतात. ते करू नका : उचल कापताना उणे 462.50 चे उणे 463 ऐवजी उणे 462 होतात आणि एक रुपया लटकतो.

'मजुरी' आहे तसंच राहू द्या, दुरुस्ती नव्या नावाने करा. मायक्रोसॉफ्टनेही 2010 मध्ये क्रमांक काढणाऱ्या रँक फंक्शनच्या जोडीला दोन नवी फंक्शनं दिली, जुनं काढलं नाही. 'मजुरी'लाच शेवटी कंसात ऐच्छिक मुद्दा (नाही दिला तरी चालणारी जादा किंमत) जोडता येतो, पण तो द्यायला कुणी विसरलं की गुपचूप जुनाच हिशेब होतो. नवं नाव असेल तर जुनं अ‍ॅड-इन असलेल्या संगणकावर नावाची एरर येते. चूक निदान डोळ्यांना दिसते. नाव इंग्रजी तीन अक्षरं आणि आकडा असं ठेवू नका. 'एमजेआर2' हा एक्सेलला सेलचा पत्ता वाटतो.

वाटप झालेल्या पत्रकांची सूत्रासकट एक प्रत बाजूला ठेवा. मूळ फाइलीत पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज करून आकडे गोठवा. नवं सूत्र फक्त पुढच्या पगाराच्या कोऱ्या नमुन्यात घाला.

त्याआधी मागच्या एका पत्रकाच्या प्रतीत दोन्ही फंक्शनं शेजारी मांडून वजाबाकी करा आणि शून्य नसलेल्या ओळी फिल्टर करा. अशा प्रत्येक ओळीत एक रुपयाच दिसला पाहिजे. दुसरं काही दिसलं तर नव्या फंक्शनात चूक आहे. कामगाराचा जितका रुपया राहिला असेल तितका पुढच्या पगारात 'मागील फरक' म्हणून वेगळ्या ओळीत द्या, जुन्या पत्रकात घुसडू नका.

अ‍ॅड-इनची फाइल चारही संगणकांवर त्याच नावाने, त्याच फोल्डरात बदला. जागा बदलली तर सूत्रात जुना पत्ता चिकटून राहतो.