सावलीनं चुगली केली

प्रिय बेटा,

तुझा नागपूर हायकोर्टाचा ठसा मिळाला. रेषा नेटकी आहे. पण स्केच सकाळी आठला केलं म्हणतोस आणि ठशात सावल्या संध्याकाळच्या बाजूला पडल्यात. स्केच झिंकच्या प्लेटवर जसंच्या तसं उतरवलंस ना? छापताना ते कागदावर उलटं येतं. इमारत दोन्ही अंगांनी सारखी, मधोमध घुमट, त्यामुळे डावं-उजवं बदललेलं कळलं नाही. सावलीनं चुगली केली.

माझीही अशीच फजिती झाली होती. महालातल्या गांधी दरवाज्याचा पहिला ठसा तिथल्याच चहावाल्याला कौतुकानं दाखवायला नेला, तर तो म्हणतो, "सर, माही टपरी तिकडे काऊन नेली?" तेव्हापासून ट्रेसिंग पेपर पालथा घालूनच चित्र उतरवतो आणि काम करताना बाजूला आरसा ठेवतो. झिरो माइलच्या दगडावरची अक्षरं काढशील तेव्हा तर आरसा लागेलच.

पण माझी खरी तक्रार दगडाबद्दल आहे. हायकोर्टाची ही इमारत १९४० ची, हेन्री मेडनं आखलेली, वालुकाश्माची. सकाळच्या उन्हात तिच्या भिंती उजळतात. तू ॲक्वाटिंटची, म्हणजे छटांसाठी राळेची पूड चिकटवलेली, प्लेट इतका वेळ ॲसिडमध्ये ठेवलीस की तिचा काळा पाषाण झाला! तसा गडद टोन भोसल्यांच्या राजवाड्याला शोभला असता. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा तो वाडा १८६४ च्या आगीत गेला. मोठा दरवाजा तेवढा वाचला.

राळेची पूड प्लेटवर तापवून चिकटली की आधी पांढरं ठेवायचं ते सगळं व्हार्निशनं झाक, म्हणजे तिथं ॲसिड लागणार नाही. मग अगदी थोडा वेळ बुडव, काढ, भिंतींचा फिका टोन झाक, पुन्हा बुडव. कमानीच्या आतला अंधार सगळ्यात शेवटी. आणि वहीत लिहिलेली हिवाळ्यातली मिनिटं मे महिन्यात वापरू नकोस. आपल्या उन्हाळ्यात ॲसिड भराभर खातं. दर वेळी त्याच झिंकची एक पट्टी आधी बुडवून बघ. (पंख्याखाली राळ उडवू नकोस. तोंडाला मास्क बांध. हे वर्गात शंभरदा सांगून झालंय.)

फोटोवरून काम केलंस हेही कळलं मला. फोटोत सावली नुसती काळी येते; तिथं उभं राहिलं की त्या काळ्यातही खिडकीची चौकट दिसते.

रविवारी साडेसहाला महालात ये, ऊन चढायच्या आत. प्लेट आणू नकोस. वही आण, आणि चहाचे पैसे तू देशील.

तुझा,
सर