जर्मनीतल्या कराबद्दल विचारलंत म्हणून

म्युनिकची नोकरी हातात आहे, पण पगारातला चाळीस टक्के भाग कापून ‘बसून खाणाऱ्यांवर’ उधळणार असतील तर यावं का, असं तुम्ही विचारलंत. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना), घरभाडं वगैरे सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडते.

कापतात ते सगळं कर नसतं. ४२ टक्के हा दर फक्त उत्पन्नाच्या वरच्या टप्प्याला लागतो. बाकी मोठा वाटा विम्याचा: आजारपणासाठी १४.६ टक्के आणि वर थोडं, पेन्शनसाठी १८.६, आणि साधारण निम्मं कंपनी भरते. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. माझा नवरा सुरुवातीला घरी होता. त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही रुग्णालयाचे दिवसाला १० युरो तेवढे भरले. बाकीचं इतरांच्या हप्त्यांतून झालं. बसून खाणारे तेव्हा आम्हीच होतो.

मिसेस भारतात राहणार असतील तर तुम्हाला पहिला करवर्ग, म्हणजे अविवाहितासारखी कपात. त्या आल्यावर हा वर्ग बदलायला गेलात तरी लग्नाचा दाखला आडवा येतो. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, दाखल्यावर नवऱ्याचं. या दोन बायका एकच, हे एका कार्यालयाला पटवता पटवता जीव नकोसा झाला.

शाळा फुकट आहे. पण बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (इथे १ म्हणजे उत्तम) तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. माझ्या मुलाला गणितात १, जर्मनमध्ये ४, परिसर अभ्यासात ३. सरासरी २.६६. दहा वर्षांच्या पोराला बाई म्हणाल्या, तुझ्यासाठी रेआलशूलं (त्याखालची, दहावीपर्यंतची शाळा) बरं. तिथूनही पुढे विद्यापीठाची वाट आहे, सगळे हेच समजावतात. मलाही ते कळतं. तरी पगारपत्रक हातात आलं की आधी ते ४ आठवतात आणि वाटतं, पैसे घेताना माझं जर्मन कुणी तपासलं नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंत. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा जाणवतो. सवय होते.

मला खुपतं ते वेगळंच. मी कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत किरकोळ फीवर शिकले. पुण्यात पहिल्या पगारातून व्यवसाय कर गेला, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, तेव्हा कुरकुरले होते. १९७५चा हा कर मुळात रोजगार हमीसाठी लावलेला, दुष्काळी गावातल्या मजुरीला शहरातल्या पगारदारांचा हातभार म्हणून. माझी आजी माणमध्ये रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. ज्यांनी आजीच्या मजुरीला आणि माझ्या कॉलेजला पैसे भरले, त्यांच्या वाट्याला माझ्याकडून आज काही जात नाही. मी भरते ते इथल्या तिजोरीत. अन्याय शोधायचाच तर मला तो इथे दिसतो, आणि तो मी करतेय.

तुम्ही या. मुलगी सात वर्षांची आहे म्हणालात, म्हणजे चौथीच्या निकालाला फार वेळ नाही. कराचं नंतर बघू, आधी तिला जर्मनची शिकवणी लावा.